दुपारचा राब

देवजीची मला भीती वाटायची ती तो आमदार होता तेव्हा. आता तो झाडांचा माणूस झालाय. लोक त्याच्या पाया पडतात, मुंबईहून पोरी येऊन त्याचे फोटो काढतात आणि मला विचारतात, आजी, तुम्हाला किती अभिमान वाटत असेल. मी हो म्हणते. खरं सांगायचं तर आठ वर्षं माझा जीव टांगणीला लागला होता. तो पहिला देवजी गेलेला नाही, कुठे तरी आत झोपलाय, आणि एक दिवस उठून बसेल, ही धास्ती मला रोज असायची.

माझा नवरा असला तरी मी त्याला नावानेच हाक मारते. आश्रमशाळेत आम्ही एका वर्गात होतो. त्याच्या नाकातला शेंबूड मी पाहिलाय, त्याला अहोजाहो करायला माझी जीभ वळत नाही.

चौथीनंतर मी शेण काढायला लागले आणि तो शिकत गेला. मास्तर झाला, मग मास्तरकी सोडून झेडपीला उभा राहिला. पंच्याऐंशीला आमदार, नव्वदला परत आमदार, मधे अकरा महिने राज्यमंत्री. लाल दिव्याची गाडी मोखाड्याच्या बाजारातून आमच्या बिवळपाड्याच्या फाट्यापर्यंत यायची. पुढे रस्ता नव्हता, तर साहेब चालत यायचे आणि ओहोळ आला की एक जण त्यांचे बूट धरायचा. तेव्हा त्याची बोलायची एक तऱ्हा होती. आवाज हळू, मऊ, आणि हात समोरच्याच्या खांद्यावर. काळजी करू नको, मी फोन करतो, असं तो म्हणाला की समजायचं, कोणाचं तरी भलं होणार आणि कोणाचं तरी वाटोळं. दोन्ही एकाच फोनने व्हायचं. पाड्यासमोरचा धोंडाळचा डोंगर असाच एका फोनवर तुटला. ठेकेदाराचे ट्रक दोन उन्हाळे चालले, सगळ्या पाड्याला मजुरी मिळाली, आम्ही बायकांनी देवजीला ओवाळलं. मीही ओवाळलं, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या उन्हाळ्यात डोंगराखालचा झरा शिमग्यालाच आटला आणि आम्ही पाण्याला दोन डोंगर पलीकडे जायला लागलो.

मग ब्याण्णवचा पावसाळा आला. वावर गावाकडच्या पाड्यांत पोरं भुकेने दगावायला लागली. देवजी गाडी घेऊन चिखलातून फिरत होता. एका पाड्यावर एका बाईने तिची सवा वर्षाची पोर त्याच्या मांडीवर ठेवली, जव्हारला न्या म्हणून. घाटात, गाडी चालू असताना, ती त्याच्या मांडीवरच गेली. आई शेजारी बसलेली, तिला कळलं नाही, आणि याने सांगितलं नाही. जव्हार येईपर्यंत हा त्या मेलेल्या पोरीला थोपटत राहिला. हे त्याने मला एकदाच सांगितलं आणि सांगताना त्याचा हात मांडीवर तसाच हलत होता.

पंच्याण्णवला त्याने उमेदवारीचा अर्जच भरला नाही. पक्षाची माणसं येऊन बसली, शिव्या देऊन गेली. हा कोयता-कुदळ घेऊन धोंडाळवर जायला लागला. झाडं त्याने फार लावली नाहीत. तुटलेल्या बुंध्यांना फुटवे येतात, ते फक्त राखायचे, असं त्याचं म्हणणं. दगड रचून पाणी अडवलं, गुरं वळवली, खैर चोरायला येणाऱ्यांसमोर एकटा उभा राहिला. एकदा त्यांनी त्याचं मनगट मोडलं. आठ वर्षांत डोंगरावरचं रान माणसाच्या दीडपट उंच झालं आणि झरा वैशाखापर्यंत टिकायला लागला. पेपरात आलं, शाली आल्या, मोठमोठ्या सभांना बोलावणी आली. घरात शालींचा ढीग झाला आणि मी त्यातल्या दोन नागलीच्या कणगीवर टाकल्या, उंदरांपासून बचाव म्हणून.

एवढ्या चांगल्या कामात एक खडा होता, तो म्हणजे राब. राब म्हणजे रोपाची जागा. माघात साजडाचा, म्हणजे ऐनाच्या झाडाचा, टहाळ, पाल्यासकट डहाळ्या, तोडायचा, वाळवायचा. फाल्गुनात जमिनीवर शेण, त्यावर टहाळ, त्यावर पाला आणि गवत, वरून बारीक मातीचा थर. वैशाखात हे सगळं भाजलं की तणाचं बी जळतं, जमीन मऊ होते आणि भाताचं, नागलीचं रोप पोरीच्या केसांसारखं दाट येतं. देवजीने सांगितलं, धोंडाळवर कोयता चालणार नाही आणि डोंगराच्या पायथ्याला होळीपासून पावसापर्यंत आग लागणार नाही. शेण आणि कुजलेला पाला टाका, तण हाताने काढा. सांगणाऱ्याचं काय जातं, वाकणारी कंबर बायकांची. पण लोकांनी ऐकलं. थोडं त्याच्यावरच्या मायेने ऐकलं, जास्त भीतीने. आमदार गेला तरी त्याची सावली पाड्यावरून गेली नव्हती.

माझं पोट भरत होतं. भावेश, आमचा मुलगा, जव्हारला कारकून आहे, तो दर महिन्याला तांदूळ पाठवतो. अडचण नवशीची होती. नवशी माझी जाऊ, देवजीच्या मेलेल्या भावाची बायको. तिचा मुलगा रूपेश आणि सून दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचे, आणि त्यांची तेव्हा तीन वर्षांची रविना हिच्याजवळ राहायची. नवशीचा जमिनीचा तुकडा माझ्या शेजारीच, डोंगराला लागून. तीन वर्षं न भाजलेल्या जमिनीत तिचं रोप विरळ आलं आणि तणाने नागली खाल्ली. मी दिलेलं ती घ्यायची नाही. द्यायला गेलं की म्हणायची, आमच्यात हाय. पोटाला पीळ पडला तरी मिजास जात नाही आमच्या घराण्याची. माघातल्या एका सकाळी मी रविनाला अंघोळ घालत होते. तिच्या दंडाभोवती मी सहज अंगठा आणि बोट लावलं, तर ती एकमेकांना टेकली.

नवशी चुलीपाशी बसली होती. तिने ते पाहिलं होतं.

“बाय, यंदा राब नाय भाजला, तं ही पोर आषाढ काढायची नाय,” ती म्हणाली. “तू भाऊला सांग.”

मी देवजीला सांगितलं. तो भाषणाचे कागद लिहीत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, रविनाला अंगणवाडीत नेऊन वजन करायला सांगितलं, भावेशला जास्त तांदूळ पाठवायला सांगू म्हणाला, आणि राबाचं मात्र नाही म्हणाला. एका घराला दिलं की उद्या चाळीस घरं कोयते घेऊन डोंगरावर. त्यात खोटं काही नव्हतं. पण ते बोलताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

मग आम्ही दोघींनी जे केलं ते चोरी होती, मी तिला दुसरं नाव देत नाही. तो पुण्याला भाषणाला गेला, मग नाशिकला गेला. त्या पाच सकाळी आम्ही धोंडाळच्या मागच्या अंगाला शिरलो आणि आतल्या आत टहाळ तोडला, पायवाटेवरून दिसणार नाही असा. प्रत्येक घावाला मी दचकत होते. माझ्याच नवऱ्याने राखलेली झाडं, आणि मी खैरचोरासारखी कान देऊन उभी. भारे आणले, माझ्या आणि नवशीच्या तुकड्यावर पसरले. देवजी परत आला, त्याने टहाळाचा ढीग पाहिला आणि एवढा कुठला विचारलं. बांधावरच्या साजडाचा, मी म्हटलं. फाल्गुनात आम्ही वर माती ओढली, तेव्हा सांगितलं, भाजणार नाही, कुजवणार आहोत. त्याला इतकं बरं वाटलं की पुढच्या सभेत त्याने ते सांगितलं, माझ्या बायकोने स्वतःच्या शेतात नवी पद्धत सुरू केली म्हणून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पुढेच बसले होते आणि मान वर करायची माझी छाती झाली नाही.

वैशाखाचा दुसरा आठवडा लागला. भाजायला एकच दिवस हाती होता. देवजी ठाण्याला जायचा होता आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पाहुण्यांना घेऊन परत येणार होता, संस्थेची माणसं आणि पेपरवाले, डोंगर बघायला. त्यानंतर पाऊस पडेपर्यंत तो पाडा सोडणार नव्हता. आमचं ठरलं, पहाटेच्या एसटीने तो गेला की लगेच पेटवायचं. राब पहाटेच भाजतात. वारा नसतो, गवताला ओल असते. वरच्या कडेला पेटवायचं, आग धुमसत हळूहळू खाली उतरते, आणि बायका हिरव्या फांद्या घेऊन कडेला उभ्या राहतात. संध्याकाळपर्यंत विझला की त्यावर माती-शेण टाकून आम्ही झाकणार होतो.

पण त्या दिवशी एसटी घाटात बंद पडली. देवजी फाट्यावरून परत आला आणि ओट्यावर बसला. मी त्याला चहा दिला, भाकर दिली, परत चहा दिला. सूर्य वर चढत होता आणि हा माणूस पेपर वाचत होता. एकदा तर म्हणाला, आज राहूच दे, उद्या पाहुणे येतीलच त्यांचे ते. मी म्हटलं, लोक तुझी वाट बघत असतील, जा. शेवटी अकरा वाजता एक जीप मिळाली आणि तो गेला.

मी आणि नवशी तुकड्यावर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. जमीन पायाला चटके देत होती. नवशी म्हणाली, बाय, आता नको, वारं सुटंल. मला का ते ठाऊक नव्हतं? चाळीस वर्षं मी राब भाजतेय, दुपारी कधी काडी लावलेली नाही. माझ्या आईने लावलेली नाही, तिच्या आईने लावलेली नाही. पण उद्या सकाळी पेटवला तर दुपारी पाहुण्यांसमोर धूर निघणार, आणि आज नाही तर मग नाहीच. रविना बांधावर चिंचेच्या सावलीत बसली होती. तिचे गुडघे तेवढे मोठे दिसत होते. मी वरच्या कडेचं गवत दोन हात खरवडून काढलं, पाण्याचे हंडे मांडले आणि काडी ओढली.

पहिला अर्धा तास सगळं नीट चाललं. माती घातलेली होती, आग आतल्या आत धुमसत होती. माझी भीती जरा उतरली. आणि मग वावटळ आली. वैशाखात दुपारी येते तशीच, माळावरून धूळ उचलत, काही आवाज न करता. ती राबावर आली, तिने वरची माती उडवली, आणि पेटलेला पाला उचलून माझ्या डोक्यावरून, खरवडलेल्या पट्ट्यावरून, डोंगराच्या गवतात नेऊन टाकला. मी तो जाताना पाहिला.

वाळलेलं गवत कसं पेटतं ते ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको. मी फांदी घेऊन धावले, झोडपत सुटले. नवशीने हंडे ओतले, ते थुंकण्याएवढंही पुरलं नाही. सागाची पानं तडतडून फुटायला लागली. एक ससा माझ्या पायावरून खाली पळाला. पाड्यातली माणसं धावून आली, बायका, म्हातारे, सगळे फांद्या घेऊन. पाड्याच्या खालच्या कातकरी वाडीतला सावळा डोंगरावर मध काढायला गेला होता. तो वरून उतरून आमच्यात झोडपायला उभा राहिला. माझे पुढचे केस जळाले, भुवया जळाल्या, तळहाताची साल निघाली. दिवस मावळताना आग वरच्या कड्याच्या उघड्या खडकावर जाऊन विझली. धोंडाळची आमच्याकडची सगळी बाजू काळी झाली होती. आठ वर्षं गेली ती सहा तासांत.

कोणी मला काही विचारलं नाही. सगळ्यांनी माझा राब पाहिला होता, त्याच्यापासून वर गेलेला काळा पट्टा पाहिला होता. भाऊची बायको म्हणून तोंडं मिटली. आम्ही राबावर माती ओढली, शेण टाकलं. मी घरी येऊन बसले आणि उद्या देवजी आल्यावर काय करेल याचा विचार करत राहिले. मारेल असं वाटलं. आयुष्यात त्याने हात उचलला नाही, पण वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

तो दुसऱ्या दिवशी दुपारी दोन जीप घेऊन आला. उतरला आणि उभाच राहिला. पाहुणे हळहळायला लागले. देवजी एकटा पुढे गेला, पायथ्याशी वाकला, राख चिमटीत घेऊन बघितली. मग त्याची नजर पट्ट्यावरून खाली आली, माझ्या तुकड्यावर थांबली, शेणाने झाकलेल्या राबावर, आणि तिथून माझ्या जळलेल्या भुवयांवर. मी खाली बघितलं. आता, मला वाटलं. आता सगळ्यांसमोर बोलेल.

तो पाहुण्यांकडे वळला आणि त्याने एका पेपरवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. हे बाहेरच्या खैरचोरांचं काम आहे, तो म्हणाला, माझ्यावर डूख धरून केलंय. आवाज हळू होता, मऊ होता. कित्येक वर्षांनी मी तो आवाज ऐकला.

दुसऱ्या दिवशी ते पेपरात छापून आलं. तिसऱ्या दिवशी वनखात्याचा गार्ड चौकशीला आला आणि ओट्यावर बसून त्याने देवजीला विचारलं, साहेब, त्या दिवशी डोंगरावर कोण होतं? मी आत चहा गाळत होते. देवजी म्हणाला, सावळा मधाला जातो. एवढंच. यात खोटं काय होतं? सावळा मधाला जातोच, आणि मध काढायला चूड पेटवतोच. संध्याकाळी त्याला फाट्याच्या चौकीवर नेलं.

सोमी, सावळाची बायको, दुसऱ्या सकाळी आमच्या अंगणात आली. मला वाटलं शिव्या देईल. ती ओट्याच्या खाली, उन्हात बसली. म्हणाली, भाऊला सांगा, आमच्यावर लक्ष ठेवा. ती मदत मागायला आली होती. तिला वाटत होतं देवजी सोडवेल. देवजीने तिला सांगितलं, काळजी करू नको, मी फोन करतो. ती पाया पडून गेली.

मी दार लोटलं.

“मी पेटवलं,” मी म्हटलं.

“ठाऊक आहे.” तो खाटेवर बसला होता. “टहाळ बघितला तेव्हाच कळलं होतं. बांधावर चार साजड आहेत, तेवढा टहाळ त्यांचा निघत नाही. मी डोळे झाकले.”

“मग सावळाला का दिलास?”

त्याने मला समजावून सांगितलं, लहान पोराला सांगावं तसं. पुढच्या महिन्यात कागद व्हायचा होता, धोंडाळ राखायचा हक्क पाड्याला देण्याचा. साहेबलोकांपैकी निम्मे विरोधात होते, म्हणत होते की हे लोक राबासाठी जंगल जाळतात, यांच्या हातात कसं द्यायचं. आता देवजीच्याच बायकोने जाळलं असं कळलं तर कागद कायमचा गेला. सावळा आठ दिवस आत राहील, मग तो फोन करून सोडवेल. एका माणसाचे आठ दिवस आणि सगळ्या पाड्याचा डोंगर, तूच सांग, असं म्हणून त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

तो वाईट बोलत नव्हता. त्याचं सगळं बरोबर जुळत होतं, आणि म्हणूनच मला भीती वाटली. डोंगर विकला तेव्हाही असंच सगळं जुळलं होतं. मी त्याचा हात खांद्यावरून काढला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी फाट्याच्या चौकीकडे निघाले. नवशी मागे आली, मीही येते म्हणाली. मी तिला म्हटलं, तुझ्या मागे रविना आहे, माझ्या मागे कोण रडायचंय, घरी जा आणि राबावरचं शेण सारून बी फेकायची तयारी कर. फाटा दीड तासाची वाट. रस्त्यात मला तीनदा लघवीला बसावं लागलं, इतकी भीती वाटत होती. जेल म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. तिथे पाणी देतात का, बायांना वेगळं ठेवतात का, हेच डोक्यात फिरत होतं. परत फिरावं असं प्रत्येक वळणाला वाटलं, आणि फिरले नाही ते शूर म्हणून नाही. घरी तो आवाज होता, म्हणून.

चौकीवर फॉरेस्टर खुर्चीत बसून पेन दुरुस्त करत होता. त्याने मला ओळखलं आणि उठून उभा राहिला. मी उभ्या उभ्या सांगितलं, मी राब भाजत होते, दुपारी पेटवला, वावटळ आली, सावळाचा काही संबंध नाही. त्याने पेन खाली ठेवलं. म्हणाला, बाई, उन्हातून आलात, पाणी घ्या. मी परत सांगितलं. तो म्हणाला, साहेबांनी वेगळं सांगितलंय, पेपरात आलंय, माझी नोकरी आहे. लिहून घेईना. त्याने गार्डला मोटरसायकलवर पाड्याकडे पिटाळला.

मी बाहेर करंजाखाली बसले. खिडकीतून आतली खोली दिसत होती. सावळा भिंतीला टेकून गुडघ्यात मान घालून बसला होता. मी त्याला हाक मारली. त्याने मान वर केली नाही.

देवजी मोटरसायकलवर मागे बसून आला. फॉरेस्टरने धावत जाऊन खुर्ची आणली, पदराने पुसावी तशी रुमालाने पुसली. देवजी बसला नाही. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते, आता हा कुठल्या आवाजात बोलणार. मला इतकं घाबरल्याचं आठवत नाही, आगीच्या दिवशीही नाही. तो फॉरेस्टरच्या खांद्यावर हात ठेवेल, हसेल, बायकोचं डोकं फिरलंय म्हणेल, आणि मला घरी नेईल. पुढे आयुष्यभर मला त्या माणसाच्या ताटात भाकर वाढावी लागेल.

“तू काय सांगितलंस?” त्याने मला विचारलं.

“मी पेटवला. दुपारी. तुला चोरून.”

त्याचा हात मांडीवर थोपटल्यासारखा हलत होता. मग फॉरेस्टरला म्हणाला, लिहा.

“साहेब, पण पेपरात तुम्हीच—”

“ते मी खोटं सांगितलं. हेही लिहा.” आवाज फाटका होता, ओबडधोबड, शाळेत फळ्यापुढे उभं केलं की निघायचा तसा. “टहाळ डोंगरावरचा आहे हे मला कळलं होतं, मी गप्प बसलो. सावळा मधाला जातो असं सांगितलं ते मुद्दाम सांगितलं. सगळं लिहा.”

फॉरेस्टरने लिहायला दोन तास लावले. खाली माझी सही घेतली. साक्षीदार कोण, म्हणाला, आणि इकडेतिकडे बघायला लागला, गार्डला बोलवावं की काय म्हणून. देवजीने पेन घेतलं आणि माझ्याविरुद्ध साक्षीदार म्हणून सही केली. अक्षर वेडंवाकडं आलं. तो कागद झाला नाही, हक्काचा, तो अजूनही झालेला नाही. मला पुढे तीन वर्षं तारखा पडल्या. नवशीचं रोप त्या वर्षी दाट आलं, आणि रविना आता सातवीत आहे. पण ते नंतरचं.

त्या दुपारी गार्डने खोलीचं कुलूप काढलं आणि सावळाला बाहेर ये म्हणाला. सावळा दारात आला. उन्हाने त्याचे डोळे मिटत होते. त्याचा खालचा ओठ फाटलेला होता आणि तो एका पायावर जोर देत नव्हता. देवजी पुढे झाला. त्याला काही तरी बोलायचं होतं, बोलता येईना, म्हणून त्याने हात जोडायला वर उचलले.

सावळाने दोन्ही हातांनी डोकं झाकलं आणि खाली बसला.